विद्वत्पत्रिकांची पत

विद्वत्पत्रिका इतरांच्या लेखनाची परीक्षा करितात. त्यांची स्वतःची परीक्षा घेण्याचा प्रघात मात्र फारसा नाहीं. म्हणूनच २०१३ पासून २०१८ पर्यंतच्या काळांत प्रसिद्ध झालेले तीन निबंध आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला अमेरिकेंतील ‘सायन्स’मध्यें, दुसरा इंग्लंडांतील ‘नेचर’मध्यें आणि तिसरा बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्यें आला. तिसऱ्याचे कर्ते पुण्याचे, आणि त्यांनीं तपासलेला माल तर आपल्याच घरचा. विद्वत्पत्रिका म्हणून मिरविणाऱ्या प्रकाशनांत विद्या किती आणि व्यापार किती, हा तिहींचा समान विषय. पण प्रत्येकानें बोट ठेवलें तें निराळ्या जागीं: एकानें परीक्षकावर, दुसऱ्यानें संपादकावर आणि तिसऱ्यानें पत्रिकेच्या नांव-पत्त्यावर. तिन्ही निबंध एकत्र ठेवून वाचले म्हणजे त्यांनीं काय उघडकीस आणलें तें तर कळतेंच, पण तिघांच्याहि हातून काय निसटलें तेंहि दिसूं लागतें.

ज्या वाचकांचा या व्यवहाराशीं नित्याचा संबंध नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. कांहीं नवें शोधून काढलें असें म्हणणारा मनुष्य आपला निबंध पत्रिकेकडे पाठवितो. संपादक तो त्या विषयांतील दोघां-तिघां जाणत्यांकडे धाडतो. हे परीक्षक बहुधा मोबदला घेत नाहींत आणि आपलें नांवहि लेखकास बहुधा कळूं देत नाहींत. त्यांनीं दोष दाखवावे, लेखकानें ते दूर करावे किंवा आपली बाजू मांडावी, आणि मग संपादकानें निर्णय द्यावा, अशी ही रीत आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ च्या मार्चांत ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ काढलें तेव्हां ती आजच्या रूपांत नव्हती. ती हळूहळू बसत गेली, आणि सार्वत्रिक व्हावयास विसावें शतक अर्धेंअधिक उलटावें लागलें.

थोरांसहि ती प्रथम जाचली. १९३६ सालीं आइन्स्टाइन आणि रोझेन यांनीं गुरुत्वलहरींविषयींचा आपला निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. अशा लहरी मुळीं असूंच शकत नाहींत, असा त्याचा आशय होता. संपादक जॉन टेट यांनीं तो एका तज्ज्ञास दाखविला, आणि त्या तज्ज्ञानें सविस्तर टांचण करून त्यांतील चूक दाखवून दिली. आपण निबंध छापण्यास दिला होता, छापण्यापूर्वीं कोणा तिऱ्हाइतास दाखविण्याची परवानगी दिली नव्हती, असें रागानें लिहून आइन्स्टाइन यांनीं तो परत मागितला. पुढें प्रिन्स्टन येथील रॉबर्टसन यांनीं केलेल्या चर्चेंतून ती चूक त्यांच्या ध्यानांत आली, आणि १९३७ सालीं तो निबंध निष्कर्ष बदलून दुसऱ्या एका पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. टेट यांचे ते अनामिक परीक्षक म्हणजे हेच रॉबर्टसन, ही गोष्ट जगास कळावयास २००५ साल उजाडलें. टेट यांनीं आइन्स्टाइन हें नांव पाहून निबंध तसाच छापखान्यांत पाठविला असता, तर त्या काळीं त्यांस कोणी बोल लावला नसता. त्यांनीं तसें केलें नाहीं; संपादकपद म्हणतात तें यालाच.

आतां पहिला निबंध पाहूं. जॉन बोहॅनन यांनीं एक बनावट शास्त्रीय निबंध रचला. दगडफुलाच्या जातीच्या एका वनस्पतीपासून काढलेल्या द्रव्यानें कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा त्यांत दावा होता. कर्त्याचें नांव कल्पित, संस्था कल्पित. द्रव्याचें प्रमाण वाढवावें तसतसा गुण वाढतो असें मजकुरांत लिहिलेलें, आणि सोबतच्या आलेखांत पाहावें तों प्रमाण कितीहि असो, गुण तेवढाच! शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकालाहि खटकावें असें हें व्यंग मुद्दाम ठेविलें होतें. नांवें बदलबदलून हा निबंध लेखकाकडून छापणावळ घेणाऱ्या ३०४ पत्रिकांकडे धाडण्यांत आला. १५७ जणींनीं तो स्वीकारला, ९८ जणींनीं नाकारला. बाकीच्यांपैकीं कांहीं बंदच पडलेल्या होत्या, तर कांहींचा निर्णय लागावयाचा होता. भारतांतील पत्रिकांचें खातें असें: स्वीकार ६४, नकार १५.

या निबंधावर पुष्कळ चर्चा झाली, परंतु त्यांतील आम्हांस सर्वांत बोचलेला आंकडा निराळाच आहे. निबंधांतील शास्त्रीय दोष परीक्षकांच्या नजरेस आला अशा पत्रिका निघाल्या अवघ्या ३६, आणि त्यांपैकीं १६ ठिकाणीं परीक्षकानें सांगूनहि संपादकानें निबंध स्वीकारला! ज्यांनीं निबंध वाचलाच नाहीं त्यांस आळशी किंवा लोभी म्हणून सोडून देतां येईल. पण ज्याच्या टेबलावर परीक्षकाचें प्रतिकूल मत पडलें आहे आणि तरीहि जो स्वीकाराचें पत्र लिहितो, त्याला परीक्षण हें केवळ पाटीवर रंगविण्यापुरतें हवें असतें. बोहॅनन यांच्या प्रयोगांत एक मोठी उणीव आहे, ती ही कीं वाचकांकडून वर्गणी घेऊन चालणाऱ्या जुन्या पत्रिकांकडे त्यांनीं तो निबंध पाठविलाच नाहीं. तेव्हां तेथें तो किती ठिकाणीं खपला असता तें आपणांस समजत नाहीं, आणि सारा दोष छापणावळीच्या माथीं मारणाऱ्यांस या निबंधाचा आधार घेतां येत नाहीं. ‘नेचर’नें २०२० सालीं सर्वांस मुक्तपणें वाचावयास मिळणाऱ्या निबंधासाठीं ९,५०० युरो आकारण्याचें जाहीर केलें, तेवढ्यावरून ‘नेचर’ची गणना ठकांत कोणी करीत नाहीं. प्रश्न पैसा कोण देतो हा खराच, पण त्याहून मोठा प्रश्न पैसा नकाराच्या आड येतो कीं काय, हा आहे. वर्गणीदाराच्या पैशावर चालणाऱ्या संपादकास वाईट निबंध नाकारल्यानें तोटा होत नसे. ज्याची मिळकत स्वीकारलेल्या निबंधांच्या संख्येवर मोजली जाते, त्याच्या प्रत्येक नकारांत त्याच्या पदरचें कांहीं जातें. हा मोह जिंकणारे आहेत. पण तो मोह आहे, एवढें मान्य करून पुढें जावें.

दुसरा निबंध वाचतांना हंसूं आवरत नाहीं. पोलंडांतील व्रोत्स्वाफ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पिओत्र सोरोकोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं एक विदुषी निर्माण केली. नांव आना ओ. शुस्त. आद्याक्षर आडनांवास जोडून वाचलें म्हणजे ‘ओशुस्त’ होतें, आणि पोलिश भाषेंत त्याचा अर्थ ठक! बाईंच्या नांवावर एकहि संशोधनपर निबंध नाहीं, संपादनाचा अनुभव नाहीं, पदव्या खोट्या. अशा बाईंनीं ३६० पत्रिकांकडे अर्ज केले कीं मला आपल्या संपादकमंडळांत घ्या. यासाठीं तीन याद्यांतून १२०-१२० पत्रिका निवडल्या होत्या. नामांकित पत्रिकांच्या यादींतून एकहि होकार आला नाहीं. मुक्तवाचनाच्या पत्रिकांची जी प्रतिष्ठित सूची आहे तींतून ८ आले. आणि अमेरिकेंतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनीं ज्यांस शिकारी म्हटलें होतें त्या यादींतून आले ४०. चार पत्रिकांनीं तर बाईंस एकदम मुख्य संपादकच करून टाकलें. कोणी पदाबद्दल पैसे मागितले, कोणी येणाऱ्या निबंधांच्या मिळकतींत वांटा देऊं केला. मनुष्य अस्तित्वांत आहे कीं नाहीं, याची चौकशी करण्याची गरज या मंडळींस वाटली नाहीं.

हा विनोद आहे खरा, पण त्याची दुसरी बाजू फार कडू आहे. अशा पत्रिकांच्या मंडळांत ठकबाईंच्या शेजारीं खऱ्या विद्वानांचींहि नांवें असतात. तीं पुष्कळदां त्यांच्या अनुमतीवांचून छापलेलीं असतात. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसंस्थेविरुद्ध अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगानें जो दावा लावला त्यांत हाहि एक आरोप होता. संमेलनांच्या जाहिरातींत संमति न घेतां नामांकितांचीं नांवें घालणें आणि छापणावळ किती ती निबंध स्वीकारून होईपर्यंत दडवून ठेवणें, हे त्याच माळेंतले. २०१९ च्या मार्चांत तेथील न्यायालयानें या संस्थेवर ५ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा हुकूमनामा केला.

तिसरा निबंध आपल्या घरचा. त्याची पार्श्वभूमि सांगितल्यावांचून त्याचें महत्त्व कळावयाचें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुकीस व बढतीस गुणांचें कोष्टक लाविलें. अमुक प्रकारचा निबंध छापला कीं अमुक गुण. पुढें कोणत्या पत्रिकेंतील निबंध धरावे, असा प्रश्न आला तेव्हां २०१७ सालीं आयोगानें मान्य पत्रिकांची ३८,००० वर नांवांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील कांहीं नांवें जगन्मान्य सूचींतून घेतलीं होतीं, तर कांहींची शिफारस विद्यापीठांनीं केली होती. या दुसऱ्या भागांतील कांहीं पत्रिका चिठ्ठ्या टाकाव्या तशा उचलून पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं तपासल्या आणि २०१८ च्या मार्चांत निष्कर्ष छापले. जगन्मान्य सूचींत असलेल्या वगळून १,००९ उरल्या. त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पत्रिकांचा पत्ता, संपादकांचीं नांवें असली प्राथमिक माहितीच धड नव्हती. निम्म्यांहून अधिक पत्रिकांनीं दिलेली माहिती खोटी होती: क्रमांक चुकीचा, मानांकन बनावट, संपादकांची योग्यता संशयास्पद. एकंदर शेंकडा ८८ हून अधिक पत्रिका हिणकस ठरल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ पत्रिका यादींतून काढून टाकल्या.

या निबंधाबद्दल त्याच्या कर्त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. सरकारी छाप बसलेली यादी उघडून ती आंतून कशी आहे हें दाखवावयास नेट लागतो. परंतु टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. या परीक्षेंत एकाहि पत्रिकेंतील एकहि निबंध वाचून पाहिलेला नाहीं. पत्ता खरा आहे काय, क्रमांक बरोबर आहे काय, संपादक कोठें नोकरीस आहेत, एवढेंच पाहिलें. एवढ्यांतच दहांपैकीं जवळजवळ नऊ नापास झाल्या, म्हणून निकाल भयंकर आहे. पण जी एक पास झाली ती चांगली असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. दुकानाची पाटी, परवाना आणि मालकाचें नांव खरें असलें म्हणजे दुकानांतील तूप चोख ठरत नाहीं. आणि झालेंहि तसेंच. पाटी कशी रंगवावी तें या निबंधानें सर्वांस सांगितल्यावर पाट्या सुधारल्या. २०१८ च्या अखेरीस आयोगानें नव्या, कडक यादीची घोषणा केली आणि तिचें केंद्र पुण्याच्याच विद्यापीठांत ठेविलें. थोड्याच दिवसांत यादींतील जुन्या, केवळ कागदावर छापणाऱ्या पत्रिकांच्या नांवांचीं तोतया संकेतस्थळें निघालीं, आणि तोतयांपासून सावध करणारी आणखी एक यादी आयोगास ठेवावी लागली! सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची कथा ज्या प्रांतांत घरोघरीं ठाऊक आहे तेथें याचें नवल वाटूं नये.

याद्यांचें प्राक्तनच असें दिसतें. बील यांनीं आपली यादी २०१७ च्या जानेवारींत काढून घेतली. आयोगाची पहिली यादी वर्ष-सव्वा वर्षांत मोडकळीस आली. दुसरी २०२५ च्या फेब्रुवारींत बंद झाली, आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी आतां ज्या त्या महाविद्यालयावर व विद्यापीठावर येऊन पडली आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्याविषयींच्या नियमांतहि तीच यांत्रिक दृष्टि आहे. शेंकडा १० पर्यंत साम्य क्षम्य, त्यापुढें ४० पर्यंत एक शिक्षा, ६० पर्यंत दुसरी, त्याहून अधिक असेल तर तिसरी. दुसऱ्याची कल्पना चोरून ती स्वतःच्या शब्दांत मांडणारा यांतून बिनधोक सुटतो, आणि जुनें कागदपत्र प्रामाणिकपणें उतरून देणाऱ्याची उगीच तारांबळ उडते.

दोष कोणाचा? ठकांचा आहेच, पण ठक गिऱ्हाइकावर जगतो. हें गिऱ्हाईक कोण, तें पाहिलें पाहिजे. तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत शिकविणारा तरुण घ्या. आठवड्याचे तास भरपूर, ग्रंथालयांत पत्रिका नाहींत, प्रयोगशाळा नांवाला, आणि बढतीच्या अर्जांत रकाना मात्र निबंधांचा. २०१६ च्या नियमांनीं तर पीएच्. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वींच एक निबंध छापलेला असला पाहिजे असें ठरविलें होतें. ज्याला अजून संशोधन म्हणजे काय याचा अर्थ उमगतो आहे त्याच्याकडून आधीं छापील निबंधाची पावती मागावयाची, आणि ती पावती दोन-तीन हजार रुपयांत आठ दिवसांनीं मिळवून देणारा दुकानदार दारांत उभा! २०२२ च्या नोव्हेंबरांतील नियमांनीं ही सक्ति काढली, हें योग्य झालें. २०२० पासून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रकाशनांतील नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रमहि सक्तीचा झाला आहे. पण तीस तास नीति शिकवावयाची आणि पुढचीं तीस वर्षें निबंधांची मोजदाद करावयाची, यांतून विद्यार्थी काय शिकेल तें उघड आहे. आमची सहानुभूति त्या तरुणाकडे आहे, परंतु ती पुरी नाहीं. आठ दिवसांत स्वीकारलेला निबंध कोणी वाचलेला नाहीं, एवढें त्यालाहि कळतें. त्याच्या शेजारींच, तीनदां नकार घेऊन चौथ्यांदा निबंध सुधारणारी एखादी त्याचीच सहाध्यायी असते. नेमणुकीच्या दिवशीं तिच्या एका निबंधासमोर याचे सहा उभे राहतात, आणि मोजणाऱ्यास सहा हे एकाहून अधिक दिसतात. खरी हानि झाली ती तिची. तिन्ही निबंधांत तिचा कोठें उल्लेख नाहीं.

नामांकित पत्रिकांच्या अंगणांत सारें स्वच्छ आहे, असाहि कोणी समज करून घेऊं नये. १९९८ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’नें अँड्र्यू वेकफील्ड आदींचा अवघ्या बारा मुलांवर आधारलेला निबंध छापला, आणि गोवर-गालफुगी-रुबेला यांवरील लशीचा संबंध मुलांच्या आत्ममग्नतेशीं असावा, असा संशय जगभर पसरला. लसउत्पादकांविरुद्ध दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांस पैसे मिळत होते, ही गोष्ट निबंधांत नव्हती. ती बाहेर काढली ब्रायन डीअर या वृत्तपत्रकारानें, २००४ सालीं, परीक्षकांनीं नव्हे. आणि ‘लॅन्सेट’नें निबंध पूर्णपणें मागें घेतला तो २०१० च्या फेब्रुवारींत. मधल्या बारा वर्षांत इंग्लंडांत ती लस टोंचून घेणाऱ्या मुलांचें प्रमाण घसरलें आणि गोवर परत आला. ‘हिंदावी’चें प्रकरण तर अलीकडचें. ‘वायली’सारख्या जुन्या प्रकाशकानें २०२१ सालीं हा व्यवसाय जवळजवळ ३० कोटी डॉलर देऊन घेतला, आणि २०२३ या एका वर्षांत त्याच्या पत्रिकांतील ८,००० हून अधिक निबंध मागें घ्यावे लागले. विशेषांकांसाठीं बाहेरून संपादक नेमले होते, आणि निबंध तयार करून विकणाऱ्या टोळ्यांनीं नेमक्या त्याच दारानें प्रवेश केला.

आपल्याकडे एक निराळी वाट पूर्वीं होऊन गेली आहे, तिची आठवण येथें अप्रस्तुत होणार नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास घेतलीं तीं खंडोगणती. त्यांच्या प्रस्तावनांतील मतें कित्येकांनीं खोडून काढलीं, आणि खोडतां आलीं याचें कारण मूळ पत्रें राजवाड्यांनींच छापून वाचकांच्या हातीं दिलीं होतीं. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें तेंहि याच वळणावर. त्या मंडळींत भांडणें थोडीं झालीं नाहींत, आणि सारीं गोडीगुलाबीचीं होतीं असेंहि नाहीं. परंतु ज्याच्याशीं भांडावयाचें त्याचा पुरावा समोर असे.

परीक्षकांच्या बाबतींत अशीच उघड रीत आतां कोठें कोठें सुरू झाली आहे. युरोपांतील ‘एम्बो जर्नल’नें २००९ पासून निबंधासोबत परीक्षकांचे अभिप्राय प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि २०२५ च्या जूनपासून ‘नेचर’नें आपल्याकडे येणाऱ्या नव्या संशोधनपर निबंधांसाठीं हाच नियम केला. परीक्षकाचें नांव गुप्त राहिलें तरी चालतें. त्यानें काय विचारलें आणि लेखकानें काय उत्तर दिलें तें वाचकास दिसतें. आपल्याकडील बहुतेक पत्रिकांच्या मुखपृष्ठावर ‘तज्ज्ञपरीक्षित’ हा शब्द ठळक छापलेला असतो. पुण्याच्या अभ्यासकांनीं आपल्या निबंधाचा दुसरा भाग आतां लिहावा, अशी आमची विनंति आहे. पत्ते आणि क्रमांक तपासून झाले. या वेळीं त्यांनीं शंभर पत्रिका निवडाव्या, प्रत्येकीच्या संपादकांस पत्र लिहून मागील वर्षीं छापलेल्या कोणत्याहि पांच निबंधांवरील परीक्षकांचे अभिप्राय नांवें खोडून मागावे, आणि किती जणांकडून काय आलें तें जसेंच्या तसें छापावें. ज्यांच्या दप्तरांत असे अभिप्राय आहेत त्यांस ते पाठविण्यास चार दिवसांहून अधिक वेळ लागूं नये.